गाडी विकली, पण कागदावर मालक तुम्हीच!

परवा एक निवृत्त मास्तर भेटायला आले. हातात पिशवी, पिशवीत कोर्टाचं समन्स. तीन वर्षांपूर्वी त्यांनी जुनी कार साताऱ्यातल्या एका एजंटाला विकली. तिथून ती सांगलीला गेली, मग जतकडं, पुढं कुठं ते देव जाणे. कुणाला तरी धडकली, विमा संपलेला, आणि कागद आला मास्तरांच्या दारात. "अहो, मी सह्या करून दिल्या होत्या की!" सर, तिथंच तर घोळ झाला.

धंदा कसा चालतो बघा. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्यायच्या, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरी. बाजारात याला 'टीटीवर सही' म्हणतात. तो कागद गाडीबरोबर चार हात फिरतो. एजंट स्वतःचं नाव का लावत नाही? कारण आरसीवर एक नाव वाढलं की 'सेकंड ओनर'ची 'थर्ड ओनर' होते आणि भाव पडतो. त्याचा भाव टिकावा म्हणून मास्तरांनी कोर्टाची पायरी चढायची. वा रे व्यवहार!

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० म्हणतं, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. सुप्रीम कोर्टानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठणकावलं. पहिल्या मालकानं २००७ मध्ये गाडी विकली, ती आणखी हात बदलत गेली, २००९ मध्ये अपघात झाला. भरपाई कुणावर? नोंदीत ज्याचं नाव त्याच्यावर!

घेणाराही सुखात नसतो बरं का. बँकेचा बोजा आरसीवर तसाच. मूळ मालक वारला असेल तर कोरी सही कामाची नाही, वारसांच्या मागं फिरा. कर्नाटक पासिंगची गाडी असेल तर तिकडची एनओसी आणि इथला रोड टॅक्स. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून तिकडची गाडी 'लई स्वस्तात' म्हणून दाखवतात. स्वस्त का, ते विचारत नाही आपण.

"इथं सगळं विश्वासावर चालतं," असं एक एजंट मला सुनावत होता. राव, गुंठाभर जमीन घेताना सातबारा बघता, फेरफार बघता, शेजाऱ्याला विचारता. तीन-चार लाखांच्या गाडीला मात्र चहा आणि विश्वास?

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं फॉर्म २९सी भरून पोर्टलवर कळवलं की पुढची जबाबदारी त्याची. नियम चांगला आहे. पण रस्त्याकडंला पताका लावून गाड्या उभ्या करणाऱ्याला ते अधिकारपत्र विचारायचं कुणी? अधिकारी विचारत नसतील तर तुम्ही विचारा. त्याचं तोंड बघा, निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

मास्तरांकडं विक्रीची पावतीसुद्धा नाही. सोमवारी वकिलाकडं जातोय आम्ही.

तुमच्यापैकी कुणी कोऱ्या सह्या दिल्या असतील तर कमेंटमध्ये फक्त 'दिल्या' आणि तालुका लिहा. गाडीचा नंबर, आरसीचा फोटो अजिबात टाकू नका. तो आकडा घेऊन मी सातारा आणि सांगली, दोन्हीकडच्या परिवहन अधिकाऱ्यांना भेटणार आहे.