मोडीचा छंद आणि मोडीची मिळकत

‘छंद’ या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. एका घरी तो वृत्त आणि जातींच्या शेजारी नांदतो, दुसऱ्या घरी टपालतिकिटांच्या. छंदःशास्त्राच्या तासाला हा शब्द उच्चारला की अलीकडे मला त्याचे तिसरे घरही दिसू लागते. तास संपल्यावर एखादी विद्यार्थिनी दाराशी थांबते आणि विचारते, “मॅडम, तुम्ही ते मोडी वाचता ना, त्यातून काही मिळतं का?”

हा प्रश्न क्षुद्र मानण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे, असे मला वाटत नाही. विचारणारी मुलगी सेट उत्तीर्ण असते, दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत असते आणि झालेल्या तासांचे पैसे कधी हाती पडतील हे तिला कोणी सांगू शकत नाही. रविवारच्या पुरवण्यांमधून तिच्यासाठी अधूनमधून ‘आगळेवेगळे छंद’ सुचवले जातात : सुगंधी मेणबत्त्या, बोन्साय, काचेच्या बरणीतली बाग. त्यांना माझा आक्षेप नाही. पण मराठीचे एम. ए. करणाऱ्या मुलीने बरणीत शेवाळ लावावे आणि तिच्याच भाषेतले कोट्यवधी कागद न वाचता पडून राहावेत, ही विसंगती मला बोचते.

मोडीची कथा आपण सारे अर्धवट जाणतो. तिचे पितृत्व परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याकडे दिले आहे. ते सिद्ध करणे अवघड आहे, पण मोडीतले व्यवहार शतकानुशतके चालले याबद्दल वाद नाही. छापखाना आला, खिळे बाळबोध लिपीचे पडले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली. त्यानंतरच्या पिढ्यांना आपल्याच पणजोबांचे हस्ताक्षर परके झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात, तंजावरच्या सरस्वती महालात, जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांत आणि घराघरांतल्या पत्र्याच्या ट्रंकांत जे साठले आहे, त्यातले छापून आलेले फार थोडे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले, सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून पंचेचाळीस, तरीही ती निवडच. मुद्रणपूर्व मराठी गद्य शिकवताना आपण बखरींपाशी थांबतो. रोजचे गद्य, म्हणजे तक्रार, कर्ज, वाटणी, माफी, ते या कागदांत आहे.

वाचनातला आनंद कसा असतो, हे सांगणे सोपे नाही. लेखक आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे लटकवत जातो. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ इथे एकच. मी वर्गात एक उदाहरण देते : ‘शेतासनदीचे’. ‘शेतास नदीचे’ म्हणायचे की ‘शेता सनदीचे’? एका फोडीत पाणी आहे, दुसरीत हक्क. उत्तर पुढच्या ओळीत असते, आणि पुढची ओळ कसरीने खाल्लेली असते. तारखेपाशी आणखी एक गंमत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ हे मराठी कागदातले अरबी आकडे : एक, सत्तर, शंभर, हजार. झाले ११७१, शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, म्हणजे इसवी १७७०-७१ हाती येते. असा हिशेब जमला की संध्याकाळ सार्थकी लागते. ज्याला असे वाटणार नाही, त्याने या वाटेला येऊ नये. मिळकतीसाठी तर मुळीच नको. पहिले वर्षभर मिळकत नसतेच, नुसती डोळेफोड असते.

शिकण्याची सोय आहे. पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग होतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मूळाक्षरे महिन्याभरात येतात. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणांत नजर सरावायला मात्र अवधी लागतो.

आणि मिळकत? ती आहे. वाटणीच्या दाव्यात आजोबांचे खरेदीखत मोडीत निघते, वकिलाला लिप्यंतर हवे असते. कोणाला वंशावळ हवी, कोणाला देवस्थानच्या इनामाची सनद वाचून हवी, ऐतिहासिक कादंबरीकाराला एखादा खरा खर्डा हवा. पानामागे मोबदला ठरतो. २०२३च्या सप्टेंबरात कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तालुक्यातालुक्यांतून जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरे, कोतवाल बुके बाहेर निघाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला. त्याआधी माझ्या या नादाला ‘म्हाताऱ्यांची करमणूक’ म्हणणारे सहकारीही शिकवणी विचारू लागले.

त्याच दिवाळीत एक गृहस्थ घरी आले. त्यांच्या हातात एका नोंदीची छायाप्रत होती. नाव स्पष्ट, गाव स्पष्ट. जातीच्या रकान्यात एक आखूड अक्षर आणि त्यावर पसरलेला डाग. ते ‘कु’ असू शकत होते. ‘म’ही असू शकत होता. मी भिंगाखाली धरले, पाठमोरा प्रकाश देऊन पाहिले, त्याच पानावरच्या दुसऱ्या अक्षरांशी ताडून पाहिले. शेवटी म्हणाले, “हे मला लागत नाही. मूळ रजिस्टर पाहू या.” मूळ पान फाटले होते, असे ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून पाकीट काढले आणि अत्यंत सौजन्याने सांगितले, “ताई, मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न आहे हो.” मी पाकीट परत केले. ते रागावले नाहीत. दुसऱ्या कोणाकडे गेले असतील, आणि त्या दुसऱ्याला ते अक्षर लागलेही असेल.

हा प्रसंग मी स्वतःचा सच्चेपणा मिरवायला सांगत नाही. मला ‘लागत नाही’ म्हणणे परवडले, कारण पहिल्या तारखेला माझा पगार जमा होतो. दारात थांबलेल्या त्या मुलीला ते किती वेळा परवडेल? जोडधंद्याला मूळ धंदा असावा लागतो. नसेल, तर जोडधंदाच गळ्याशी येतो आणि गिऱ्हाइकाला हवे ते अक्षर दिसू लागते. बरणीतली बाग सुकली तर बरणीचे पैसे जातात. इथे चुकीच्या वाचनाने एखाद्याची जमीन जाते, एखाद्याला न मिळणारा हक्क मिळतो आणि तो कागद पुढे पुरावा म्हणून उभा राहतो.

म्हणून माझे मत असे, की मोडीचे काम नुसत्या हौशीवर आणि खाजगी सौद्यावर सोपवू नये. मराठी विभागांनी ती एम. ए.ला ऐच्छिक का होईना, गुणांसह शिकवावी. जिथे वाचनाचा परिणाम हक्कांवर होतो तिथे दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचावे, दोघांना मोबदला मिळावा, आणि ‘वाचता येत नाही’ या निष्कर्षालाही तितकाच. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिची चर्चा मात्र मी कुठे ऐकलेली नाही. संगणक हे सारे करील असे सांगणारेही भेटतात. रुरकीच्या आयआयटीतून २०२५मध्ये मोडीचे देवनागरीकरण करणारे प्रारूप पुढे आले, ते मला स्वागतार्ह वाटते. स्वच्छ पानांचा ढीग त्याने उपसावा. डागापाशी थांबायचे कोणी, हा प्रश्न उरतोच.

त्या मुलीला मी ‘मिळतं’ असे सांगितले आणि वरची गोष्टही सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “बोरू कुठे मिळेल?” आता तिच्या आजोळच्या ट्रंकेतली एक वही ती वाचते आहे. सावकाराची आहे. रात्री उशिरा तिचा निरोप येतो, सोबत एका अक्षराचे छायाचित्र. कालचे मलाही लागले नाही.