बॅज खणात नको, छातीवर हवा

शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठेत एक्स-रे सेंटरच्या पाट्या दिसतात. आत मशीन चालवणारी मुले-मुली पुष्कळदा आपल्याच वस्तीतली असतात. बारावीनंतर कोर्स केलेली, आईबापांनी कर्ज काढून शिकवलेली. त्यांना छातीवर लावायला एक छोटा बिल्ला मिळायला हवा, त्याला टीएलडी बॅज म्हणतात. तो कुठे आहे, असे आम्ही काही जणांना विचारले. एकाचा टेबलाच्या खणात होता, दुसऱ्याचा मालकाच्या कपाटात. तिसऱ्याला दोन वर्षांत मिळालाच नव्हता!

हा बॅज किरणे अडवत नाही, फक्त मोजतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि अंगावर किती किरणे पडली ते कळते. शिशाचा एप्रन घातला असेल तर बॅज त्याच्या आत लावायचा. एकाचा दुसऱ्याने वापरायचा नाही. स्वतःचाच एक्स-रे काढायचा असेल तेव्हा मात्र उतरवून ठेवायचा, कारण तो हिशेब नोकरीचा नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगारासाठी मर्यादा घातली आहे : पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. नीट बांधलेल्या खोलीत, आडोशामागून काम केले तर आकडा यापेक्षा फार लहान येतो. घाबरून नोकरी सोडायचे कारण नाही. पण लहान मूल हलते म्हणून त्याला धरून उभे राहणे हे टेक्निशियनचे काम नव्हे. नातेवाइकाला एप्रन घालून उभे करावे. आपली मुले भिडेपोटी रोज स्वतःच धरतात, आणि बॅज असतो खणात. कागदावर मग सगळे ठीकच दिसणार. उद्या आजार निघाला तर हातात पुरावा काय?

मुले बॅज का लावत नाहीत? एक जण म्हणाला, "आकडा जास्त आला तर चौकशी होते, मग शेठ मलाच काढेल." अशा मुलाला दंड करून काय साधणार? 2004 च्या किरणोत्सार संरक्षण नियमांत बॅज वापरणे कामगाराचे कर्तव्य आहे, हे खरे. पण बॅज पुरवणे, नोंद ठेवणे आणि नव्या माणसाला कामावर घेताना त्याची जुनी नोंद आधीच्या मालकाकडून मागवणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. तपासणी याच टोकापासून व्हावी, असे आम्हाला वाटते. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कामगाराची सुरक्षा मालकाच्या मर्जीवर सोडायची नसते, ती कायद्यात आणायची असते, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी. दिवस गेल्याचे कळताच मालकाला सांगावे, तेही लेखी. त्यानंतर पोटातल्या बाळासाठी मर्यादा फक्त 1 मिलिसिव्हर्टची आहे. लाजून किंवा नोकरीच्या भीतीने लपवू नये. सासूबाईंनीही यात सुनेच्या पाठीशी उभे राहावे.

येत्या रविवारी वंदनेनंतर अशा मुला-मुलींनी आपला बॅज आणि शेवटचा रिपोर्ट घेऊन विहारात थांबावे. ज्यांच्याकडे रिपोर्ट नाही, त्यांचा मालकाकडे द्यायचा अर्ज तिथेच बसून लिहू. एक प्रत सहीशिक्क्यासह आपल्याकडे ठेवायची. महिनाभरात उत्तर आले नाही, तर पुढचा अर्ज नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई या पत्त्यावर जाईल. त्यावर एकट्या मुलाची नव्हे, आपल्या सगळ्यांची सही असेल.