गोधडी अजून आवरू नका



वसंत नेमका केव्हा सुरू होतो, या साध्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर नाही. माघ शुद्ध पंचमीस आपण वसंतपंचमी म्हणतो. शाळेत मात्र चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने म्हणून पाठ केलेले असतात. भारतीय हवामान खात्याच्या वर्षविभागणीत तर वसंताला जागाच नाही. तेथे फेब्रुवारीअखेर हिवाळा संपतो आणि मार्चपासून मेअखेरपर्यंत पावसाळापूर्व काळ चालतो. छत्तीसगढमधील भिलाईसारख्या गावी या तिन्ही मतांचा प्रत्यय एकाच आठवड्यात येतो. क्वचित एकाच दिवसातही.

फाल्गुनातल्या पहाटे पोलाद कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाहावे. सहाच्या पाळीचे कामगार स्वेटर घालून, कान झाकून सायकली व मोटारसायकली हाकीत असतात. दुपारी दोन वाजता पाळी सुटते, तेव्हा तेच स्वेटर कुणाच्या खांद्यावर, तर कुणाच्या हँडलला गुंडाळलेले दिसतात. शेजारच्या रायपूरचे फेब्रुवारीतील दुपारचे सरासरी तापमान 31 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर पहाटेचे 16-17 अंशांच्या. मार्चमध्ये हेच आकडे सुमारे 35 व 21 होतात. हवा कोरडी व आकाश निरभ्र असले म्हणजे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब झपाट्याने सोडून देते. सकाळ व दुपार यांमधील हे अंतर त्यामुळेच पडते.

भिलाईच्या इतिहासातील दोन मोठ्या तारखाही याच दिवसांतल्या आहेत. कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यामध्ये करार झाला तो 2 फेब्रुवारी 1955 रोजी, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी. त्या काळी येथे आलेल्या सोव्हिएत तंत्रज्ञांच्या मायदेशी हे दिवस गोठलेल्या नद्यांचे व बर्फाचे. भिलाईत मात्र आंब्याला मोहोर आणि पळसाला कळे येऊ लागलेले. ‘वसंत’ हा शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज नेता येतो, पण त्यातली हवा काही बरोबर नेता येत नाही.

या दिवसांत नुसती थंडी-उन्हाची अदलाबदल होते, तर तिची सवय होऊन जाती. खरी अडचण अवचित येणाऱ्या पावसाची. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारे हवेचे विक्षोभ हिवाळ्यात उत्तर भारताला पाऊस व हिमालयाला बर्फ देतात. त्यांचा प्रभाव कधी मध्य भारतापर्यंत उतरतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आत शिरतात. वर थंड व खाली उबदार, ओली हवा अशी स्थिती आली की ढग उंच चढतात, विजा कडाडतात आणि गारा पडतात. विदर्भातील वाचकांना हे नव्याने सांगावयास नको. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीस सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चाललेल्या गारपिटीने महाराष्ट्रात केवढी हानी केली, ते पुष्कळांना आठवत असेल.

घरात या लहरीपणाचा पहिला फटका बसतो तो वाळवणाला. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, वाटून चीक काढावयाचा, तो शिजवून साच्यातून पाडावयाचा. आणि नेमक्या त्याच सकाळी आभाळ भरून यावे! चीक आंबून जातो आणि गृहिणीचे चार दिवसांचे श्रम वाया जातात. शेजारच्या छत्तीसगढी घरात कोहळ्याच्या वड्या, म्हणजे रखिया बरी, आणि तिळाची बिजौरी यांचीही तीच गत. गच्चीवरून ताटे उचलण्याची धावपळ सुरू झाली, की कोणाची बोली कोणती हा प्रश्न उरत नाही.

परंतु वाळवण पुन्हा घालता येते. वसाहतीच्या सीमेपलीकडे जी माणसे आहेत त्यांचे तसे नाही. भाताच्या उभ्या पिकातच लाखोळी पेरण्याची येथे जुनी रीत आहे. तिला उतेरा म्हणतात. ती लाखोळी व घाटे भरलेला हरभरा याच सुमारास शेतात किंवा खळ्यावर असतो. जंगलाकडच्या गावांत मार्चपासून मोहाची फुले गळू लागतात. ती रात्री व पहाटे गळतात. बायका-मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, फुले वेचतात आणि अंगणात पसरून उन्हात वाळवतात. फुलात साखर पुष्कळ असल्याने ओल लागताच ती काळी पडून नासते. मोहाचा हंगाम काही आठवड्यांचाच. त्यात दोन सरी आल्या, तर घरखर्चाची वर्षभराची आशा मावळते. झोतभट्टी आभाळाकडे पाहत नाही आणि महिन्याचा पगार पावसाने भिजत नाही. म्हणून ज्या सरीला आपण खिडकीतून ‘बरा गारवा आला’ असे म्हणतो, ती कुणाच्या अंगणातून काय घेऊन गेली, याचा आपण घडीभर तरी विचार करावयास हवा.

मग करावे काय? आपल्या पूर्वजांनी या संक्रमणाला ऋतुसंधी असे नाव दिले होते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा व येत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी मानली आहे, आणि या काळात जुना आहारविहार हळूहळू सोडून नवा हळूहळू स्वीकारावा, असे सांगितले आहे. तेव्हा पहिल्या उकाड्याबरोबर गोधडी पेटीत टाकू नये आणि लहान मुलांना पहाटे उघडे हिंडू देऊ नये. दुपारी बाहेर काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केले आहे. ते घरातल्या एकाच्या तरी फोनवर असावे.

आणि मिळालेली सूचना घरातच ठेवू नये. आपल्याकडे धुणीभांडी करावयास येणारी बाई, भाजी घेऊन येणारा माळी, पाळीवरचा सोबती, यांपैकी पुष्कळांची शेते व खळी जवळपासच्या गावांत असतात. उद्या दुपारी पाऊस संभवतो, एवढे एक वाक्य आज सायंकाळी त्यांच्या कानी पडले, तर रात्रीतून हरभरा झाकला जाईल आणि वाळलेला मोह घरात येईल. ढग दिसताच आपण दोरीवरचे कपडे काढतोच. त्याआधी गावाकडे तेवढा एक निरोप अवश्य धाडावा.