हौशी आवाजाचा धनी कोण?

व्हिडिओ खेळांतील पात्रांना आवाज देणाऱ्या अमेरिकन नटनट्यांनी २६ जुलै २०२४ रोजी संप सुरू केला. 'सॅग-आफ्ट्रा' या त्यांच्या संघटनेने तो जून २०२५ मध्ये स्थगित केला आणि पुढच्याच महिन्यात सभासदांनी नव्या करारास मान्यता दिली. या लढ्याच्या मुळाशी वेतनाहून निराळा एक प्रश्न होता. नटाचा आवाज एकदा मुद्रित झाला की त्याने कधीही न उच्चारलेली वाक्ये संगणक त्याच्याच आवाजात बोलून दाखवू शकतो. अशी नक्कल करण्यापूर्वी नटाची संमती घेतली पाहिजे आणि तिचा वापर त्याला कळविला पाहिजे, हे तत्त्व करारात आले. संघटित नटांपुरते हे ठीकच झाले. परंतु ज्यांची संघटना नाही, ज्यांना वेतन नाही आणि ज्यांच्याशी सहसा कोणी कागदावर करार करीत नाही, असा हौशी आवाजांचा मोठा वर्ग याच क्षेत्रात आहे. त्यांच्या आवाजाचा धनी कोण, या प्रश्नाचा विचार व्हावा तितक्या गांभीर्याने झालेला नाही.

हा वर्ग निर्माण कसा झाला, हे आधी पाहिले पाहिजे. मूळ खेळात खेळणाऱ्यांनीच केलेली भर किंवा फेरफार, याला त्या जगात 'मॉड' असे नाव आहे. अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये 'स्कायरिम' हा खेळ प्रसिद्ध केला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये 'क्रिएशन किट' या नावाने तो घडविण्याची अवजारे खेळाडूंच्या हाती विनामूल्य दिली. त्यातून जे उभे राहिले त्याला पोरखेळ म्हणता येणार नाही. जर्मनीतील 'शुअरएआय' या हौशी संघाने २०१६ साली 'एन्डेराल' प्रसिद्ध केला. त्याची भूमी स्वतंत्र, कथा स्वतंत्र आणि संवाद जर्मन व इंग्रजी या दोन्ही भाषांत मुद्रित केलेले. ऑस्ट्रेलियातील निक पिअर्स यांनी २०१५ साली केलेल्या 'द फरगॉटन सिटी' या मॉडला २०१६ मध्ये तेथील लेखक संघाचे पारितोषिक मिळाले आणि २०२१ मध्ये त्यावरून स्वतंत्र खेळ निघून विक्रीसही आला. 'फॉलआउट ४' या खेळावर उभारलेला 'फॉलआउट : लंडन' हा प्रचंड मॉड जुलै २०२४ मध्ये विनामूल्य प्रसिद्ध झाला. ब्रिटिश लोकसभेचे माजी सभापती जॉन बर्को यांनीही त्यात एका पात्राला आवाज दिला आहे!

अशा खेळांत मूळचे प्रत्येक पात्र बोलते. मॉडमध्ये नव्याने आणलेले पात्र मुके राहिले, तर ते दुसऱ्याच जगातून आल्यासारखे वाटते. मूळ संवादांचे तुकडे कापून नवी वाक्ये जुळविण्याचा उद्योग काही जण करतात. पण त्यातून मिळणारी वाक्ये मोजकीच. म्हणून मॉड रचणारा आवाज देणाऱ्यांना आवाहन करतो आणि जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून विद्यार्थी, कारकून, शिक्षक, गृहिणी आपापल्या घरातून त्याला संवाद मुद्रित करून पाठवितात.

हे शिक्षण घरातच होते आणि त्यातला पहिला गुरू म्हणजे ती खोली. उघड्या भिंतींवर आपटून परत येणारा आवाज ध्वनिक्षेपक निमूटपणे टिपतो आणि अरण्यातला शिकारी न्हाणीघरातून बोलल्यासारखा वाटतो. महागडा ध्वनिक्षेपक घेऊन हा दोष जात नाही. दोन जाड गोधड्या टांगल्या किंवा कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभे राहिले, तर तो पुष्कळसा जातो. पंखा बंद करावा लागतो. तोंड ध्वनिक्षेपकापासून वीतभर दूर आणि किंचित तिरपे ठेवावे लागते, नाहीतर 'प' आणि 'फ' उच्चारताना सुटणारा श्वास त्याच्यावर थेट आदळतो. आवाजाची पातळी शेवटच्या मर्यादेच्या पाचसहा डेसिबल खाली ठेवावी, म्हणजे किंकाळी फाटत नाही. २००० सालापासून फुकट मिळणाऱ्या 'ऑडॅसिटी'सारख्या साधनाने मागची खरखर कमी करता येते. पण ती अतोनात पुसली तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. हे सारे चुकत चुकतच कळते.

तंत्र हाती आले की खरी परीक्षा सुरू होते. स्वतःचा मुद्रित आवाज प्रथम ऐकताना बहुतेकांना तो परका आणि पातळ वाटतो. बोलताना आपण आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. हाडांतून मिळणारा तो खर्ज ध्वनिक्षेपकाला मिळत नाही. हा पहिला धक्का पचविला की संवादांची यादी समोर येते. तिच्यात समोरच्या पात्राची वाक्ये पुष्कळदा नसतात आणि प्रसंग एका ओळीत उरकलेला असतो. 'कोण आहे तिकडे?' हे वाक्य भेदरलेल्या पहारेकऱ्याचे, कंटाळलेल्याचे आणि मद्यप्यालेल्याचे अशा तीन परींनी म्हणून पाठवायचे, आणि प्रत्येक वाक्याची निराळी फाईल ठरलेल्या नावाने करायची. युद्धातल्या आरोळ्या अखेरीस ठेवायच्या, कारण त्यानंतर घसा दुसऱ्या कामाचा राहत नाही. नभोवाणीवरील श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला आवाजाच्या अभिनयाची थोरवी सांगायला नको. तीच विद्या आज अशा एकांतात, दिग्दर्शकावाचून शिकली जात आहे.

आणि येथेच या प्रश्नाची मेख आहे. हौशी कलावंत जितका शिकतो, तितका तो अधिक असुरक्षित होतो. खरखर नाही, घुमारा नाही, प्रत्येक वाक्य सुटे आणि त्याचा मजकूर सोबत लिहिलेला : आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राला याहून सोयीचे खाद्य दुसरे नाही. मॉडच्या फायली तर कोणालाही उघडता येतात. हे भय काल्पनिक नाही. मूळ खेळांतील नटांचे आवाज यंत्राकडून वदवून अश्लील मॉडमध्ये वापरल्याबद्दल २०२३ मध्ये काही व्यावसायिक नटांनी जाहीर निषेध नोंदविला होता. निषेधाला वजन असते ते नाव असलेल्या माणसाच्या. पाच वाक्यांच्या पहारेकऱ्याचे कोण ऐकणार?

यंत्राची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी त्याज्य नाही. एकट्याने मॉड रचणाऱ्याजवळ पैसा नसतो. कबूल केलेला कलावंत मध्येच निघून गेला, तर वर्षांचे काम अडते. यंत्र रात्री-अपरात्री, तक्रार न करता बोलते. तथापि गरज खरी असली, तरी तिच्यामुळे दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही. ज्याने संमती दिली आहे त्याच्याच आवाजापासून यंत्राने बोलावे, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. दुसरी हानी अधिक खोल आहे. नवख्या माणसाला शिकायला मिळते ते पाच वाक्यांच्या भूमिकेतच. त्या भूमिका यंत्राने घेतल्या, तर मोठ्या भूमिका करणारे उद्या येणार कोठून?

आपल्याकडे न्यायालये या बाबतीत जागी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राद्वारे नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसे संरक्षण दिले. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा मुख्य आधार त्या व्यक्तींची प्रसिद्धी हा आहे. ज्याला प्रसिद्धी नाही त्याचा आवाजही त्याचाच असतो, हे कायद्याने निःसंदिग्धपणे म्हणायला हवे.

तोपर्यंत एक साधा उपाय मॉड रचणाऱ्यांच्या आणि आवाज देणाऱ्यांच्याच हाती आहे. भूमिका देताना एक पानभर मजकूर लिहून दोघांनी मान्य करावा. हा आवाज कोणत्या मॉडसाठी आणि कोणत्या पात्रासाठी दिला, पुढील आवृत्तीत तो वापरता येईल की नाही, यंत्राला शिकविण्यासाठी तो द्यायचा की नाही, श्रेयनामावलीत नाव कसे यावे आणि मॉडचा उद्या विक्रीचा खेळ झाला तर काय, एवढ्याचा उल्लेख त्यात पुरे. शेवटचे कलम कोणाला हास्यास्पद वाटेल. पण मॉडचे विक्रीच्या खेळात रूपांतर होते, हे वर सांगितलेच आहे.

असा कागद मागताना नवख्याला संकोच वाटतो. फुकटच्या कामाला कसला करार, असे त्याला ऐकवले जाते. हौसेला मोल नसते, ही म्हण हौस करणाऱ्याच्या तोंडी शोभते. दुसऱ्याच्या हौसेचे फळ घेणाऱ्याच्या तोंडी ती शोभत नाही. ज्याने पाच वाक्यांसाठी पंखा बंद करून, गोधडीआड घामाघूम होत रात्र घालविली, त्याला त्या पाच वाक्यांपलीकडे आपला आवाज काय बोलणार, हे ठरविण्याचा अधिकार असलाच पाहिजे.