हसवणं हेही कामच!

‘पोरांशी खेळल्या, गप्पा मारल्या, त्यात काय एवढं?’ अमेरिकेतल्या ‘डोनट डॉलीं’ना हे ऐकावं लागलं, याचा मला राग येतो. (दुसऱ्या महायुद्धात रेडक्रॉसच्या बायका सैनिकांना डोनट वाटायच्या, तेव्हापासूनचं हे नाव.) १९६५ ते १९७२ या काळात रेडक्रॉसने सहाशेहून जास्त पदवीधर तरुणी व्हिएतनामच्या युद्धात पाठवल्या. वय जेमतेम एकवीस ते चोवीस! फिकट निळा ड्रेस घालून हेलिकॉप्टरने दूरच्या तळांवर उतरायचं, स्वतः तयार केलेले प्रश्नोत्तरांचे खेळ घ्यायचे, घरापासून तुटलेल्या पोरांना तासभर हसवायचं. मागच्या खेपेला खेळलेला पोरगा आज नाही, हे कळलं तरी चेहरा हसराच ठेवायचा. मैत्रिणींनो, मन मारून पाहुण्यांशी हसून बोलणं आपल्याकडे तरी कुणी काम धरतं का?

त्यांच्यातल्या तिघींचा व्हिएतनाममध्येच मृत्यू झाला. वॉशिंग्टनला १९८२ साली मृतांच्या नावांची भिंत उभी राहिली. तीवर या तिघी नाहीत, कारण त्या सैन्यात नव्हत्या. १९९३ साली जवळच स्त्रियांचं स्मारक झालं, ते बरंच झालं. पण भिंतीचा नियम मोडायला नको असेल, तर शेजारी तीन नावांची एक पाटी लावायला काय हरकत आहे?