वाघाच्या पट्ट्यांवर सारखा उजेड हवा

नागझिऱ्यातला वाघ मोजायचा तर आधी त्याचा फोटो नीट यायला हवा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. म्हणून रानवाटेच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढ्या उंचीवर एकेक ट्रॅप कॅमेरा बांधतात. वाघ बहुधा रात्रीच फिरतो. मग सगळी भिस्त फ्लॅशवर.

खरी गोम तिथेच आहे. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो. कॅमेऱ्यापुढे गवताचं पातं किंवा तेंदूची डहाळी आडवी आली, की ती पांढरीफटक पडते आणि मागचा वाघ काळवंडतो. वाघ अगदी जवळून गेला तर खांद्यावरचे पट्टे उजेडात विरून जातात. दोन्ही कॅमेरे थेट समोरासमोर असले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात शिरतो. त्यामुळे ते थोडे मागेपुढे, वाटेपासून तीन-चार मीटरवर बांधायचे, समोरचं गवत कापायचं आणि मग वाघाच्या उंचीनं वाकून स्वतःच पुढून चालत जाऊन फोटो तपासायचा.

हे कष्ट वनरक्षकांचे आणि हंगामी मजुरांचे. २०१८च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो निघाले. त्यांत वाघाचे अवघे ७६,६५१. इतक्या दुर्मीळ फोटोतले पट्टे ओळखू न येणं परवडणारं नाही.

इन्फ्रारेड कॅमेरे सोयीचे आहेत, हे मान्य. जनावर बिचकत नाही, चोराच्याही नजरेत ते सहज भरत नाहीत. पण अंधारात चालत्या वाघाचे पट्टे त्यात अनेकदा पुसट येतात. गस्तीसाठी ते खुशाल वापरावेत. गणनेसाठी मात्र पांढरा फ्लॅशच ठेवावा.

नागझिऱ्याचा जय नावाचा वाघ २०१३मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला. असा वाघ कुठून आला, हे जुन्या-नव्या फोटोंतले पट्टे ताडून पाहूनच कळतं. मे २०२३मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, त्या रेडिओ कॉलर लावून. त्यांच्या पिल्लांना कॉलर नसेल; ती पट्ट्यांवरूनच ओळखावी लागतील. म्हणून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात कॅमेरे नुसते वाटून भागणार नाही. प्रत्येक बीटच्या वनरक्षकाला फ्लॅशचं प्रशिक्षण आणि कॅमेरा बसवायला पुरेसा वेळ द्यावा, आणि गवत कापणाऱ्या मजुराची मजुरी गणनेच्या खर्चातच धरावी.