दीड तिकिटात रत्नागिरी

इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा नवरा आणि घरी साड्यांना फॉल-पिको करणारी बायको. लग्नाला 31 वर्षं झाली. दोघांनी मिळून पाहिलेली गावं म्हणजे जोतिबा, पंढरपूर आणि जिथं जिथं नात्यातली लग्नं लागली ती. गेल्या हिवाळ्यात ही दोघं रत्नागिरीला जाऊन आली. दोन रात्री, एक सॅक, एक कापडी पिशवी आणि पिशवीत पहिल्या दिवसापुरत्या चपात्या नि शेंगदाण्याची चटणी. कोल्हापूरला गाडी बदलली. कंडक्टर जवळ आला तसं नवऱ्यानं सांगितलं, "एक फुल, एक लेडीज." म्हणजे दीड तिकीट.

या दीड तिकिटानं महाराष्ट्रातल्या पर्यटनाचा चेहरा बदलायला घेतला आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं लागतं. नवऱ्यानं पासष्टी ओलांडली असेल तर त्यालाही सवलत, मग दोघांचं मिळून एकच तिकीट. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर 2022 पासून प्रवास मोफतच आहे. ही सवलत माहेरी जाण्यासाठी, दवाखान्यासाठी, बाजारासाठी वापरली जाते हे सगळ्यांना दिसतं. पण तिच्यामुळे कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा नुसतं बघायला म्हणून घराबाहेर पडल्या आहेत, त्याची दखल पर्यटनाच्या आराखड्यांत कुठं घेतलेली दिसत नाही. आराखडे मोटारवाल्यांसाठी होतात. त्यांत पार्किंग असतं, रिसॉर्ट असतं.

कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण 130 किलोमीटर. आंबा घाट उतरला की हवा दमट होते, साखरप्याच्या पुढं अंगणांत सुपारी दिसू लागते आणि माती तांबडी होते. हातखंब्याला गोव्याचा महामार्ग ओलांडून गाडी शहराकडे वळते. रत्नागिरी म्हणजे समुद्रकाठचं सपाट गाव, अशी घाटावरच्या माणसाची कल्पना असते. ती पहिल्या तासात पुसली जाते. जांभ्या दगडाचा सडा, त्याच्या उतारावर बसलेल्या आळ्या आणि वाड्या, खाली खाडी, पलीकडे समुद्र. चढउताराच्या या शहराला पायांनीच ओळखावं लागतं. दगडी पायऱ्यांच्या गल्लीला इकडे पाखाडी म्हणतात. स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकून ती दोघं निघाली आणि पहिल्याच पाखाडीवर बायकोनं चप्पल हातात घेतली.

पहिला मुक्काम टिळक आळी. 23 जुलै 1856 रोजी लोकमान्य टिळक जन्मले ते कौलारू घर राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं जपलं आहे. टिळक दहा वर्षांचे असताना वडिलांच्या बदलीमुळे हे कुटुंब पुण्याला गेलं. घर पाहायला वेळ फारसा लागत नाही. खरी गोष्ट इथून अर्ध्या तासाच्या चालीवर आहे आणि ती या घराशी जोडूनच सांगायला हवी.

ती गोष्ट थिबा राजवाड्याची. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि 1886 मध्ये राणी सुपयालत आणि लहान मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवलं. पंचवीसेक वर्षं तो शहरातल्या बंगल्यांत राहिला. 1910 मध्ये सड्याच्या कडेला, खाली भाट्याची खाडी दिसेल अशा जागी, त्याच्यासाठी हा राजवाडा उभा राहिला. तांबडा, तीन मजली, अर्धगोल लाकडी खिडक्यांचा. राजा त्यात जेमतेम सहा वर्षं जगला. डिसेंबर 1916 मध्ये तो इथंच वारला. राणीला मायदेशी परतायला 1919 साल उजाडलं. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच आहे.

आता टिळक आळी आठवावी. 1908 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर टिळकांना नेलं कुठं, तर मंडालेला. थिबाच्या राजधानीत, त्याच्याच किल्ल्याच्या तटाआतल्या तुरुंगात. रत्नागिरीचा मुलगा मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी. 1910 च्या अखेरीस राजा या नव्या राजवाड्यात राहायला आला, आणि त्याच हिवाळ्यात टिळक त्या दूरच्या कोठडीत गीतारहस्य लिहीत होते. टिळक 1914 मध्ये सुटले. राजा सुटला नाही. थिबाच्या आधी इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला धाडलं होतंच, 1862 मध्ये तो तिथंच वारला. माणसाला त्याच्या मुलखापासून तोडलं की तो निम्मा संपतो, हे त्या सत्तेला पक्कं ठाऊक होतं.

इचलकरंजीच्या बाईंना इतिहासातलं हे सगळं माहीत नव्हतं. राजवाड्याच्या खिडकीतून खाडीकडे पाहत त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "अहो, राणीला इथलं जेवण जात असंल का हो?" लहान मुलींना घेऊन परक्या मुलखात उतरलेल्या बाईबद्दल याहून नेमका प्रश्न कुणी विचारला असेल असं वाटत नाही. टिळक आळी आणि थिबा राजवाडा ही दोन ठिकाणं एका वाटेवर जोडून दाखवली, दोन्हीकडे ही हकिगत चार ओळींत मराठीत लिहून लावली, तर शाळेची सहल असो की दीड तिकिटाचं जोडपं, माणूस काहीतरी घेऊन घरी जाईल. त्याला मोठा निधी लागत नाही.

गावातलं पतितपावन मंदिरही पायी गाठता येतं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, 1931 मध्ये, सगळ्या जातींना खुलं असलेलं हे देऊळ उभं राहिलं, आणि पैसा दिला तो भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीतल्या गरीब भंडारी घरातून मुंबईला जाऊन ते मोठे कंत्राटदार झाले. मुंबईत शिवाजी पार्कच्या समुद्रकाठची स्मशानभूमी त्यांच्याच नावाची आहे.

दुसरा दिवस रत्नदुर्गाचा. घोड्याच्या नालेसारखा पसरलेला, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला किल्ला. बालेकिल्ल्यात भगवती, दुसऱ्या टोकाला 1867 चा दीपगृहाचा मनोरा, खाली मिरकरवाड्याच्या बंदरात लागलेल्या होड्या. तटावरून एका बाजूला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र दिसतो. इथले लोक त्यांना काळा समुद्र, पांढरा समुद्र असंच म्हणतात. समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीचं भाडं ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी हा तट आहे. याहून चांगली खिडकी शहरात नाही. दोघं तिथं दोन तास बसली. जेवण उशिरा झालं, खानावळीत: बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. कोल्हापुरी तिखटाच्या जिभेला सोलकढीची दुसरी वाटी मागावीशी वाटली.

झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा घाईत पाहून झाला. गणपतीपुळ्याला जाऊन यायचं तर आरे-वारेच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यानं जाणारी एसटी विचारून घ्यावी. तो रस्ता हाच देखावा आहे. पुळ्याच्या शेजारी मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे, तिथं वेळ काढावा.

अडचण रत्नागिरीत पाहण्यासारखं काय, ही नाही. अडचण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाण्याची आहे. चढावर रिक्षा करावी लागते, आणि दोन दिवसांच्या रिक्षांची बेरीज एसटीच्या परतीच्या भाड्याच्या पुढं जाते. या जोडप्याचा सगळ्यात जास्त पैसा तिथंच गेला. सुट्टीच्या हंगामात एसटीनं रत्नागिरी दर्शनाची गाडी सोडून पाहिली आहे. ती बारमाही हवी, आणि सकाळी बसवून संध्याकाळी उतरवणारी नको. स्टँड, टिळक आळी, राजवाडा, भाट्ये, मांडवी, रत्नदुर्ग अशी फिरती गाडी हवी, एका दिवसाच्या पासावर कुठंही उतरता-चढता येईल अशी. जोडीला सामान ठेवायला खोली, किल्ल्याच्या पायथ्याशी बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि पाखाड्यांना धरायला कठडा. किल्ल्यावर जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायकांची गोष्ट कुठल्याही बचत गटात विचारावी. ती ऐकून घेतल्याशिवाय पर्यटन समितीची बैठक भरू नये.

परतीच्या आदल्या संध्याकाळी ती दोघं मांडवीच्या जेटीवर गेली. नवरा काठावर थांबला. बायको साडी घोट्याच्या वर धरून काळ्या वाळूत उतरली, आणि लाट आली तेव्हा मागं सरली नाही. दुसऱ्या दिवशी आंबा घाटात गाडी चढू लागली तेव्हा निऱ्यांत अडकलेली वाळू तिनं चिमटीनं काढून रुमालात बांधली. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, कुठनं आलात? तिनं सांगितलं, आणि मग घाटात सुरू झालेलं ते बोलणं कोल्हापूरचा स्टँड आला तरी राजवाड्यातच अडकून होतं.